आपलं तिकीट आपल्या हाती

आपल्या गटांच्या अहवालांत दारूबंदी असते, रेशन असतं, घरजागा असते, पोटगीचे खटले असतात. रेल्वेच्या आरक्षण खिडकीचा उल्लेख मी तरी कधी वाचलेला नाही. विषय किरकोळ वाटतो. तिकीट काय, कुणीही काढून देतं! पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बायकांबरोबर काम करताना माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे. बाईच्या रात्रीच्या प्रवासाचं तिकीट कोण काढतं आणि कुणाच्या फोनवरून काढतं, हा प्रश्न रेशनकार्ड कुणाच्या नावावर आहे या प्रश्नाइतकाच आपला आहे.

आधी हे पाहू, की आपल्या भागातली बाई रात्रीची गाडी धरते कशासाठी. हौसेनं ती क्वचितच निघते. परळच्या टाटा रुग्णालयात केमोची तारीख असते. पाटण-जावळीच्या डोंगरातला नवरा मुंबईत माथाडी असतो आणि तो आजारी पडल्याचा निरोप येतो. मुलीचं बाळंतपण असतं. मंत्रालयात अडकलेला कागद असतो. ४ डिसेंबर २०२३ ला अंगणवाडी सेविकांचा संप सुरू झाला, तेव्हा आझाद मैदानाच्या वाऱ्या झाल्या. उच्च न्यायालयात अपील असेल तरी मुंबईच गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा-सांगलीसह सहा जिल्ह्यांची ती एक फेरी जवळ आली. बाकीच्या फेऱ्या आहेत तिथंच आहेत.

आणि रात्रीच का? हिशेब साधा आहे. रात्री निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभरात काम उरकायचं आणि पुन्हा रात्रीची गाडी धरायची. मजुरीचा एकच दिवस बुडतो. लॉजचे पैसे लागत नाहीत, आणि एकट्या बाईकडे लॉजवाला ज्या नजरेनं बघतो तीही चुकते. दिवसाची कोयना एक्स्प्रेस आहे, पण ती मुंबईत पोहोचेपर्यंत कचेऱ्या आणि बाह्यरुग्ण विभाग बंद झालेले असतात. १६ सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे आणि हुबळी-पुणे वंदे भारत धावू लागल्या. त्यांचं कौतुक झालं, पण त्या दिवसाच्या, बसून जायच्या आणि पुण्यापर्यंतच्याच. टाटाला निघालेल्या बाईला आधार आहे तो महालक्ष्मी एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीचा आणि तिच्यातल्या स्लीपरच्या बर्थचा.

हीच गाडी सांगलीच्या बाईला आणि साताऱ्याच्या बाईला सारखी नसते, हेही लक्षात घ्यायला हवं. सांगलीत बाई जेवणवेळेनंतर चढते. स्टेशन गावात आहे, लोकांची ये-जा असते. साताऱ्याचं स्टेशन मात्र गावाबाहेर माहुलीला, कराडचं ओगलेवाडीला. साताऱ्याला गाडी येते मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे. परतताना मुंबईची गाडी पहाट व्हायच्या आतच तिला माहुलीच्या अंधारात उतरवते. तिथून गावात यायला रिक्षा मिळेल ती. म्हणून साताऱ्याच्या बाईला आपला बर्थ नक्की आहे की नाही, डबा फलाटावर कुठं लागणार, हे घरून निघतानाच ठाऊक असावं लागतं. गाडी येईल तेव्हा बघू, हे तिला परवडत नाही.

आता प्रश्न तिकिटाचा. मी बायकांना विचारते, "मावशी, तिकीट कुणी काढलं?" उत्तर ठरलेलं. "पोरानं काढलंय की. मला काय ठावं त्यातलं?" पोरगा नसेल तर दीर, जावई, शेजारचा मुलगा किंवा बाजारातला एजंट. ते वाईट हेतूनं काढतात असं मी म्हणत नाही. पण ते आपल्या सवयीनं काढतात. कोट्याच्या रकान्यात 'जनरल' असतं, ते तसंच राहतं. गुडघेदुखीच्या बाईला मग वरचा बर्थ येतो. आणि ज्या सोयींसाठी कायदा झाला, नियम झाले, त्या सोयी कागदावरच राहतात.

त्या सोयी काय आहेत, ते इथं सविस्तर लिहिते. आपल्या बैठकीत हे वाचून दाखवता येईल.

रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम ५८ सांगतं, की प्रवासी गाडीत बायकांसाठी एखादा डबा किंवा काही बर्थ-आसनं राखून ठेवली पाहिजेत. त्यानुसार लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपर वर्गात सहा बर्थ महिला कोट्यात असतात. त्याला वयाची अट नाही. बाई एकटी असो की बायकांचा गट असो, हा कोटा मागता येतो. बरोबर बारा वर्षांखालचं मूल असलं तरी चालतं. मात्र त्या तिकिटावर मोठा पुरुष असला की हा कोटा गेला. आपल्याकडं 'सोबत कुणीतरी बाप्या असावा' म्हणून भाच्याला त्याच तिकिटावर घेतात. मग सोबतही जनरल वेटिंगमध्ये आणि बाईही जनरल वेटिंगमध्ये.

दुसरा कोटा खालच्या बर्थचा. ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षं आणि त्यावरच्या बायका आणि गरोदर बायका यांच्यासाठी स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा ते सात खालचे बर्थ राखलेले असतात. थ्री एसीत चार ते पाच, टू एसीत तीन ते चार. ४५ हा आकडा बायकांना माहीतच नसतो. 'ज्येष्ठ' म्हटलं की साठीची म्हातारी डोळ्यांपुढं येते, त्यामुळे सत्तेचाळीस वर्षांची, पोटाचं ऑपरेशन झालेली बाई हा कोटा आपला समजत नाही. गरोदर बाईनं डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवावा. याउपर कुणाला मधला-वरचा बर्थ मिळालाच आणि गाडीत खालचा रिकामा राहिला, तर तो ज्येष्ठांना, अपंगांना आणि गरोदर बायकांना आधी द्यावा, असा तिकीट तपासनिसाला नियम आहे. तो मागावा लागतो. आपणहून देणारा भेटला तर आनंदच आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्याच अधिनियमाच्या कलम १३९ नुसार, तिकिटाचे किंवा दंडाचे पैसे न दिल्याबद्दल प्रवाशाला गाडीतून उतरवता येतं. पण बरोबर पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला वाटेल तिथं उतरवता येत नाही. ती जिथं चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणचं स्टेशन, एवढ्याच जागी आणि तेही फक्त दिवसा. म्हणजे रात्री एक वाजता मसूरला किंवा कोरेगावला कुणी "उतर खाली" म्हटलं, तर ते बेकायदा आहे. गाडीतल्या मदतीसाठी रेल्वेचा फोनही १३९ च आहे. कलम १३९, फोन १३९. बायकांच्या लक्षात राहायला यापेक्षा सोपं काय हवं? यातून फुकट प्रवास करा असा अर्थ कुणी काढू नये. घाबरलेल्या बाईला अंधारात उतरवण्याची धमकी देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो पुरेसा मोठा आहे.

इतकं सगळं असताना अडतं कुठं? अलीकडच्या बदलांनी ते आणखी एका जागी अडू लागलं आहे. ती जागा म्हणजे मोबाइल.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. आजारपण, कोर्टाची तारीख, मोर्चा हे साठ दिवस आधी कळत नाही, म्हणून आपल्या बायकांना तत्काळवरच जावं लागतं. स्लीपरचं तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला सुटतं. तिकिटावर १०० ते २०० रुपये जादा पडतात, आणि पक्कं झालेलं तिकीट रद्द केलं तर परतावा नाही. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट फक्त आधारशी जोडलेल्या खात्यावरूनच निघतं. त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून त्यासाठी आधारचा ओटीपीही लागतो. पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे. यामागचा हेतू चांगला आहे, हे मोकळेपणानं म्हणायला हवं. दलालांनी तिकिटं पळवायची आणि गरिबानं दुप्पट मोजायचे, हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे.

पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे, हे कुणी विचारलं? आपल्या खेड्यांत आधारकार्डं निघाली तेव्हा घरात एकच फोन होता आणि तो कर्त्या पुरुषाच्या खिशात होता. बायकोच्या आधारला, आईच्या आधारला, लेकीच्या आधारला तोच नंबर लागला. आमच्याकडे येणारी एक बाई गेली तीन वर्षं माहेरी आहे. गाव सांगत नाही. तिची बहीण मुंबईत अत्यवस्थ झाली. सकाळी अकराला भाचीनं तत्काळसाठी तिचं खातं उघडून द्यायचा प्रयत्न केला, तर ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर. ज्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलं, त्यालाच फोन करून "आकडा सांगा" म्हणायचं? तिनं केला नाही. ती बायकांच्या साध्या डब्यात संडासाच्या दारापाशी बसून मुंबईला गेली. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढं दलाल होता, ही बाई नव्हती. आपलं काम तिला तिथं उभं करण्याचं आहे.

मोबाइलचा प्रश्न इथं संपत नाही. तिकिटाचा पीएनआर, डबा, बर्थ हे सगळं ज्या नंबरवरून तिकीट निघालं त्या नंबरवर जातं. ज्याच्या हाती पीएनआर, त्याला बाई कुठल्या गाडीत, कुठल्या डब्यात आहे ते घरबसल्या कळतं. ज्याचं खातं, तो ते तिकीट रद्दही करू शकतो. घरगुती हिंसेच्या प्रकरणांत हा खेळ नाही. निघून चाललेल्या बाईला स्टेशनवर गाठलेलं आपल्यातल्या अनेकींनी पाहिलं आहे. म्हणून अशा वेळी खिडकीवरचं तिकीट बरं. सातारा, कराड, सांगली, मिरज इथं आरक्षण खिडक्या आहेत. खिडकीवरही तत्काळसाठी ओटीपी टप्प्याटप्प्यानं आला आहे, पण तो फॉर्मवर लिहिलेल्या नंबरवर येतो. तो नंबर बाईचा स्वतःचा किंवा विश्वासाच्या कार्यकर्तीचा असावा. ओळखपत्र नवऱ्यानं दडवून ठेवलं असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो असलेलं पासबुक चालतं. बचत गटानं बायकांच्या हाती पासबुक दिलं, त्याचा हा आणखी एक उपयोग.

रेल्वेच्या लेखी कुटुंब म्हणजे काय, तेही पाहण्यासारखं आहे. पक्कं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करायचं तर गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज देऊन ते आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्याच नावे करता येतं. सून-सासू या यादीत नाहीत, जावा-जावा नाहीत. परित्यक्ता बाईची खरी सोबतीण म्हणजे तिच्या गटातली मैत्रीण, ती तर नाहीच नाही. ज्या बाईला नवऱ्यानं टाकलं आणि भावानं दार लावलं, तिचं तिकीट नियमानं त्या दोघांना मिळू शकतं, पण कोर्टात तिच्याबरोबर उभी राहणारीला नाही! सांगली जिल्ह्यातल्या परित्यक्ता बायकांच्या चळवळीनं घर आणि रेशनकार्ड स्वतःच्या नावावर मागितलं, तेव्हा हाच मुद्दा होता. बाईची ओळख कुणाची बायको, कुणाची बहीण एवढीच का?

पैशाचंही बोललं पाहिजे. २० मार्च २०२० पर्यंत ५८ वर्षांवरच्या बाईला रेल्वेत निम्मं तिकीट होतं. ती सवलत करोनात काढली ती परत दिलेली नाही. उलट एसटीनं १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट केलं, आणि ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासूनच फुकट प्रवास आहे. मग काहीजण म्हणतात, "एसटीनं जा की, रेल्वेचा हट्ट कशाला?" एसटीच्या सवलतीनं बायका घराबाहेर पडल्या, हे खरंच आहे आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. पण केमो घेतलेल्या, सात महिन्यांच्या किंवा पाळी आलेल्या बाईला रात्रभर बसून जाणं आणि आडवं होऊन जाणं यांतलं अंतर पैशांत मोजता येत नाही. गाडीत संडास असतो. बसमधली बाई ढाब्यावर उतरायला लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नाही. आणि सुरक्षेचं म्हणाल, तर २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात गावी निघालेल्या तरुणीवर उभ्या बसमध्ये बलात्कार झाला. स्टेशन असो की स्टँड, अंधार आणि रिकाम्या गाड्या सगळीकडं सारख्याच धोक्याच्या.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी आणखी एक आक्षेप घेतात. बायकांसाठी वेगळा कोटा, वेगळा डबा मागणं म्हणजे आपण दुबळ्या आहोत असं कबूल करणं नव्हे का? हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. वेगळा डबा हे शेवटचं उत्तर नाही. सगळा डबाच बाईला निर्धास्त झोपता येईल असा हवा. पण आज आरएसीचं तिकीट असेल तर पूर्ण भाडं भरून अर्ध्या बर्थवर, अनोळखी पुरुषाच्या पायाशी पाय दुमडून बाई रात्र काढते. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपायची वेळ नियमात आहे, पण तिच्यासाठी ती जागायची वेळ असते. समतेचा दिवस उजाडेपर्यंत तिनं जागंच राहावं, असं मला म्हणवत नाही. शिवाय महिला कोट्यातले बर्थ मागितले गेले नाहीत, तर चार्ट होताना ते वेटिंगवाल्यांना जातात. उद्या कुणी म्हणेल, बायकांची मागणीच नाही, कोटा कशाला? न वापरलेला हक्क काढून घेणं फार सोपं असतं.

म्हणून गटांनी काय करावं, याचा मी केलेला विचार असा.

प्रत्येक गटानं एक बैठक या विषयाची घ्यावी. आरक्षणाचा कोरा फॉर्म आणून प्रत्येकीनं तो स्वतः भरावा. गाडीचं नाव, वर्ग, वय, कोटा, खालचा बर्थ, मोबाइल नंबर. साताऱ्याच्या बायकांनी तारखेकडं खास लक्ष द्यावं. गाडी रात्री बारानंतर येणार असेल तर तारीख दुसऱ्या दिवसाची पडते. अशा चुकीनं बाई चोवीस तास उशिरा स्टेशनवर जाते आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

आधारला आपला स्वतःचा नंबर लावून घेणं हा गटाचा कार्यक्रम व्हावा. आधार केंद्रावर बाईनं स्वतः जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, थोडं शुल्क भरायचं. जुना नंबर ज्याच्याकडं आहे त्याची परवानगी लागत नाही. हे वाक्य बैठकीत दोनदा वाचावं.

वेटिंगच्या तिकिटावर बाईला स्लीपरमध्ये चढवून देऊ नये. ऑनलाइन वेटिंगचं तिकीट चार्टनंतर आपोआप रद्द होतं, आणि खिडकीवरचं असलं तरी त्यावर स्लीपरमध्ये बसता येत नाही. २०२५ पासून पहिला चार्ट पूर्वीच्या चार तासांऐवजी बराच आधी तयार होतो. म्हणजे रात्रीच्या गाडीचा निर्णय दिवसाउजेडी घेता येतो.

आणि रेल्वेकडं आपल्या मागण्या जाव्यात. तत्काळच्या ओटीपीसाठी आधारच्या नंबराशिवाय दुसरा मार्ग बाईला खिडकीवर कायम मोकळा ठेवावा. बायकांची प्रवास सवलत परत द्यावी. तिकीट नावावर करायच्या यादीत सोबतिणीला जागा द्यावी. रेल्वे सुरक्षा दलाची 'मेरी सहेली' योजना १७ ऑक्टोबर २०२० पासून सर्व विभागांत सुरू झाली. गाडी सुटते त्या स्टेशनवर एकट्या बायकांना भेटून त्यांची वाटेत विचारपूस करायची, अशी ती आहे. कल्पना चांगली, पण मधल्या स्टेशनवर मध्यरात्री एकटी चढणारी बाई तिच्यातून निसटते, आणि धोका तिलाच जास्त. चार्टवर तिचं नाव, वय, चढायचं स्टेशन सगळं छापलेलं असतं. ते पाहून माहुलीच्या आणि ओगलेवाडीच्या फलाटावर कुणी उभं राहणं अशक्य नाही. बायकांचा साधा डबा गाडीच्या टोकाला लागतो. फलाटाच्या त्या टोकाला दिवा असावा, ही मागणी फार मोठी आहे का?

पूर्वी बाईला कुणी नेलं तर ती जायची, कुणी आणलं तर यायची. माहेरचा मुऱ्हाळी येईपर्यंत दाराकडं डोळे लावून बसायची. आता मुऱ्हाळ्याच्या जागी फोनमधला आकडा आला आहे. तो आकडा तिच्याच हाती यायला हवा. येत्या तीन महिन्यांत आपल्या गटातल्या किती जणींनी स्वतः फॉर्म भरला, कितींना कोट्यातला बर्थ मिळाला, कितींना खिडकीवरून परत पाठवलं आणि काय सांगून, हे तारखेनिशी लिहून ठेवा आणि या अंकाकडं पाठवा. विभागीय कार्यालयात जाताना आपल्या हाती घोषणांबरोबर ही नोंदवही असू दे.